कानाझावाच्या बोळातलं उजवं वळण

जपानी माणसांच्या नम्रतेचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, पण आमची गाडी कानाझावाच्या गटारात गेली ती गोष्ट ऐका.

त्र्याण्णव साल असेल. आम्ही तेव्हा टोकियोजवळ उरायासुला राहायचो. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, पाच दिवस सुट्टी मिळाली, तशी एक छोटी गाडी भाड्याने घेऊन आम्ही दोघंच जुनी शहरं बघायला निघालो. कानाझावात सामुराईंच्या जुन्या वस्तीतल्या बोळात मी नकाशा बघून म्हटलं, "इथून उजवीकडे." मिलिंद वळला आणि पुढचं चाक थेट उघड्या गटारात. शेकडो वर्षांची मातीची भिंत आरशापासून जेमतेम वीतभर लांब!

"तूच म्हणालीस उजवीकडे!"

"उजवीकडे म्हटलं, गटारात नाही म्हटलं!"

आमचं जुंपलेलं ऐकून समोरच्या घरातून एक आजी आल्या. त्यांनी चाक पाहिलं, भिंत पाहिली आणि आत फोन करायला गेल्या. मला वाटलं, आता पोलीस येणार. पण पाच मिनिटांत बोळातली सात माणसं जमली, त्यात एक न्हावी तर कात्री खिशात ठेवूनच आला होता. सगळ्यांनी गाडी अलगद उचलून रस्त्यावर ठेवली. भिंतीला ओरखडासुद्धा नाही.

मिलिंद वाकून माफी मागायला लागला, तर आजी त्याच्याहून खाली वाकल्या. "माफ करा, आमचा रस्ताच अरुंद आहे. तुम्हाला त्रास झाला."

गाडीत बसल्यावर मिलिंद हळूच म्हणाला, "चूक माझीच होती गं. मी घाईने वळवली."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.