डोळ्यांनी चालणारी

लक्ष्मीबाई: हुंगलं नं? मग आता सांगा, कशाचा वास आला?

चंपतराव: हळू बोल. शेजारी ऐकतीन.

लक्ष्मीबाई: ऐकू द्या. आख्ख्या नेरडीगोंड्याच्या बाजारानं पाह्यलं, आता शेजाऱ्यांनी ऐकलं तर काय जाते? सख्ख्या नवऱ्यानं भरल्या बाजारात माहा जबडा धरला अन् तोंडाले नाक लावलं. बैल घेताना दात बघते मानूस, तसं. कशाचा वास आला?

चंपतराव: पानाचा.

लक्ष्मीबाई: अजून?

चंपतराव: कांद्याचा.

लक्ष्मीबाई: शिंदीच्या दारूचा आला?

चंपतराव: नाई आला.

लक्ष्मीबाई: मग तिथंच काऊन नाई बोलले तसं? तोंड सोडलं अन् गुमान आटोत जाऊन बसले. लोकांले काय वाटलं असन? वास आला म्हनून मान खाली घालून गेला बिचारा.

चंपतराव: अवं, तू चाललीच तशी. पाय इकडं फेकते, तिकडं फेकते, धपधप. भागाबाईचे टमाटे तुडवले. कांद्याच्या ढिगावर जाऊन बसली. तो मिरचीवाला म्हने, वयनी शिंदीच्या झाडाखालून आली का आज. सगळे हसले. मले लाज वाटली.

लक्ष्मीबाई: तुमाले लाज वाटली. अन् माळ माह्या गळ्यात हाय. शिंदी जाऊ द्या, लसून बी चतुर्मासात खात नाई मी.

चंपतराव: बरं, झालं काय ते तरी सांगशीन? चक्कर आली?

लक्ष्मीबाई: चक्कर नाई.

चंपतराव: उपाशी होती?

लक्ष्मीबाई: दोन भाकरी खाऊन निघाली होती. तुमच्या समोरच खाल्ल्या.

चंपतराव: मग?

लक्ष्मीबाई: तुमी हसान.

चंपतराव: नाई हसत.

लक्ष्मीबाई: कमरेवर वांग्याचं टोपलं होतं. त्याच्याखालचं दिसत नव्हतं. पाय दिसले नाई की मले समजतच नाई ते कुठं हायत.

चंपतराव: कुठं असतीन? खालीच असतीन की.

लक्ष्मीबाई: हसले नं!

चंपतराव: हसलो नाई. बोल तू.

लक्ष्मीबाई: सकाळी तोंड धुताना डोळे मिटले का पडते मी. मागच्या महिन्यात तीनदा पडली. कपाळ फुटलं तवा शेवाळ होतं म्हनून सांगितलं तुमाले. शेवाळ नव्हतं. न्हाणी कोरडी होती.

चंपतराव: अन् हे आज सांगते?

लक्ष्मीबाई: काय म्हनून सांगू? पाय हरपले म्हनू? हात लावून पाह्यलं तर पाय जागच्या जागी. वर्ष झालं मुंग्या येतात. मी म्हनलं, वय झालं.

चंपतराव: काटा रुतून बसला असन एखादा. बाभळीचा काटा आत गेला का पाय बधिर होते. लांब कर बरं पाय, उजेडात.

लक्ष्मीबाई: तव्यावर भाकर हाय.

चंपतराव: तू भाकर बघ, मी पाय बघतो. इथं दुखते?

लक्ष्मीबाई: नाई.

चंपतराव: टाचेले?

लक्ष्मीबाई: तुमचा हात लागला ते समजते. दुखत नाई.

चंपतराव: अंगठा वाकवल्यावर?

लक्ष्मीबाई: वाकवा.

चंपतराव: आता?

लक्ष्मीबाई: वाकवा म्हनते नं मी. नुसता धरून काय बसले?

चंपतराव: लक्ष्मी, मी वाकवूनच राह्यलो. केव्हाचा. वर करतो, खाली करतो.

लक्ष्मीबाई: बघू?

चंपतराव: बघू नको. तिकडंच बघ. सांग, आता वर हाय का खाली?

लक्ष्मीबाई: वर.

चंपतराव: अजून एकदा सांग.

लक्ष्मीबाई: वर नाई?

चंपतराव: भाकर जळली तुही.

लक्ष्मीबाई: जळू द्या. खाली होता?

चंपतराव: हो. खाली होता. उद्या सकाळच्या गाडीनं आदिलाबादले जाऊ. मोठ्या डाक्तरले दाखवू.

लक्ष्मीबाई: जाऊ.

चंपतराव: चुकलं माहं.

लक्ष्मीबाई: इथं नको. चुलीपाशी चुकलं म्हनून काय उपेग? इथं मी अन् जळकी भाकर, दोघंच हावो. तोंड बाजारात हुंगलं, बाजारातच सांगा. मले बाजूले उभी करा अन् सांगा, ही पिली नव्हती. तेवढंच. जास्तीचं काही नको.

चंपतराव: सांगतो. येत्या बाजारालेच सांगतो.

*

लक्ष्मीबाई: आज चौथा बाजार हाय, दीपमालाचे बाबा.

चंपतराव: भिंतीवरचा हात काढ आधी, मग बोल. डाक्तर म्हनले नं, आधार न घेता चालाची सवय करा.

लक्ष्मीबाई: डाक्तर अजूनही बरंच म्हनले. तुमी त्याले दुधाचं काऊन सांगितलं?

चंपतराव: त्यानं विचारलं, बाई खाते काय. मी म्हनलो, मांस नाई, अंडं नाई, दूध नाई, दही नाई, ताक नाई. तो डोक्याले हात लावून हिंदीत म्हने, तो फिर नसों को क्या मिला? दूध कवापासून सोडलं? मी म्हनलो, अकरा वर्षं. काऊन सोडलं म्हने. तिथं माही जीभ अडली.

लक्ष्मीबाई: अडाले काय झालं? कावीळ झाली होती तुमाले. डोळे हळदीसारखे झाले होते, लोकं म्हनत होते दसरा नाई बघत. मी देवापुढं दूध सोडलं. तुमी वाचले. यात चोरी हाय का काही?

चंपतराव: मी वाचलो अन् तुहे पाय गेले.

लक्ष्मीबाई: गेले कुठं? हायत की. रेंज नाई त्याइले.

चंपतराव: थट्टा नको करू. मी काय म्हनतो, आता तरी दूध घे. अकरा वर्षं म्हंजे फिटलं सगळं.

लक्ष्मीबाई: बी-बाराच्या सुया घेते नं मी? आठवड्याले एक. घेते का नाई? मग दुधाचं नाव काढू नका. तुमी अजून जित्ते हा.

चंपतराव: हे काय कारण झालं?

लक्ष्मीबाई: माह्यासाठी झालं. सरका, मले पाय दिसू द्या. तुमची सावली पडली त्याच्यावर.

चंपतराव: हे घे. आता उंबरठा हाय.

लक्ष्मीबाई: दिसला. तुमाले सांगू कसं होते ते? कापूस वेचताना मी गोष्टी सांगत जायची. तोंड जावेकडं, हात बोंडावर. सगळ्यात आधी माही वटी भरायची. आता हाताकडं पाह्यलं तर हात काम करते, नजर काढली का थांबून जाते. कामचोर गड्यासारखं. पायाचं तसंच. उचल म्हनलं का उचलते, ठेव म्हनलं का ठेवते. दिवसभर आपल्याच अंगावर वरडून वरडून संध्याकाळी डोळे दुखतात माहे. पाय नाई दुखत, डोळे दुखतात. चालून डोळे दुखलेली बाई पाह्यली होती का कवा?

चंपतराव: मी काल डोळे मिटून पाह्यलं.

लक्ष्मीबाई: काय पाह्यलं?

चंपतराव: असंच. न्हाणीत उभा राह्यलो. डोळे मिटले, नाकाले बोट लावलं. बरोबर लागलं. एक पाय उचलला, समजलं किती उचलला. खिशातून डबी काढली, तंबाखू काढली, चुना लावला, मळली, दाढंत धरली. सगळं डोळे मिटून.

लक्ष्मीबाई: न्हाणीत तंबाखू खाल्ली?

चंपतराव: ते सोड. मी म्हनतो, एवढं सगळं मले कोन सांगते? हात इथं हाय, बोट तिथं हाय, मान वाकडी हाय. साठ वर्षं झाली, एका दिवशी विचार आला नाई का हे कोनीतरी सांगत असते म्हनून.

लक्ष्मीबाई: चालत असलं का कोन विचारते? घरच्या बाईसारखंच हाय ते.

चंपतराव: टोमना होता हा?

लक्ष्मीबाई: लागला असन तर टोमना. चला, आटो निघन. आज सांगता नं?

चंपतराव: मिरचीवाला येते का नाई आज, कोनाले माहीत.

लक्ष्मीबाई: पयल्या बाजाराले पाऊस होता. दुसऱ्याले तुमाले निर्मलचा सोयरा भेटला. मागच्या वेळी म्हने, गर्दी नाई, कोनाले सांगू. आज मिरचीवाला नाई.

चंपतराव: सांगाले जातो, पन जीभ उचलत नाई वं.

लक्ष्मीबाई: काऊन? जीभ कुठं हाय ते समजत नाई का तुमाले? तोंड उघडा, मी बघून सांगते.

चंपतराव: चाल, चाल. दगड हाय समोर. उजव्या पायाले.

लक्ष्मीबाई: माह्या पायाचं मी बघते. तुमी लोकांकडं बघा.

*

(दीड वर्षानंतर. नेरडीगोंड्याचा बाजार. भागाबाई टमाट्यांचा ढीग लावून बसली आहे.)

भागाबाई: खाली बघत काऊन चालून राह्यले, चंपतभाऊ? काही हरपलं का?

चंपतराव: नाई. सवय पडली. तिच्या पायाकडं बघत चालत होतो नं, दगड आला का सांगत होतो. दगड आता बी दिसते, सांगाले कोनी नाई.

भागाबाई: बसा. तेरवीनंतर आजच आले तुमी.

चंपतराव: वांगे आनले थोडे. झाडं थांबत नाईत, तोडावे लागतात. तिच्या जागेवर बसलो तर चालन?

भागाबाई: तुमचीच जागा हाय. तीन बाजार झाले, माहं पोतं टाकून ठेवलं तिथं, कोनाले बसू नाई दिलं. ताप कितीक दिवस होता हो?

चंपतराव: चार दिवस. तिसऱ्या दिवशी बोलनं बंद झालं. दीपमाला पोचली तवा फक्त डोळे उघडे होते.

भागाबाई: चालनं किती सुधरलं होतं तिचं.

चंपतराव: हात सुधरले होते. पाय तसेच होते. तीच हुशार झाली होती. अंधार पडाच्या आत घरी, टोपलं डोक्यावर, कमरेवर कधी नाई. सगळे नेम बांधून घेतले होते तिनं. भागाबाई, मले एक सांगाचं हाय. सगळ्यांले ऐकू जाईन असं.

भागाबाई: सांगा.

चंपतराव: मी इथं तिचं तोंड हुंगलं होतं एकदा.

भागाबाई: माहे टमाटे तुडवले त्या दिवशी.

चंपतराव: ती पिली नव्हती.

भागाबाई: जोरानं बोला. मिरचीवाल्याले नाई ऐकू गेलं.

चंपतराव: माही बायको पिली नव्हती! तिले आजार होता, पाय कुठं हायत ते समजत नव्हतं. मी तिचं तोंड हुंगलं. शिंदीचा वास नव्हता. नव्हता हे मले तवाच समजलं होतं अन् मी कोनाले सांगितलं नाई. गुमान निघून गेलो.

भागाबाई: झालं. बसा आता. पानी घ्या.

चंपतराव: कोनी काहीच बोलून नाई राह्यलं.

भागाबाई: काय बोलतीन? सगळ्यांले माहीत होतं.

चंपतराव: काय माहीत होतं?

भागाबाई: हेच. तिच्या पायाचं.

चंपतराव: कवापासून?

भागाबाई: दुसऱ्या का तिसऱ्याच बाजारापासून. पायाकडं बघत बघत यायची, माह्या ढिगापाशी आली का थांबायची अन् म्हनायची, भागाबाई, आज वाचले तुहे टमाटे. पिलेली बाई असं म्हनन का? मीच विचारलं तिले. तिनं सगळं सांगितलं, दवाखान्याचं, सुयांचं. मिरचीवाल्यानं तर हात जोडले तिच्यापुढं. तवापासून हरेक बाजाराले तोच तिचं टोपलं आटोतून उतरवत होता. तुमाले काय वाटलं, उगाच उतरवते?

चंपतराव: मग मले काऊन नाई सांगितलं कोनी? दीड वर्ष मी हरेक बाजाराले येतो, घसा खाकरतो...

भागाबाई: बघत होतो नं आमी. तुमी घसा खाकरला का साऱ्या बाया गुमान व्हायच्या. वाटायचं, आज सांगते मानूस. मग तुमी म्हनायचे, यंदा थंडी जास्त हाय.

चंपतराव: हसत असान तुमी.

भागाबाई: हसत होतो. लक्ष्मी बी हसत होती, पदर तोंडाले लावून. मी म्हनलं तिले, सांगून टाकू का भाऊले, आमाले समजलं म्हनून? सुटतीन बिचारे. तर माह्यावर डोळे वटारले. म्हने, कोनी काही बोलाचं नाई. तुमाले समजलं हे त्याइले समजलं, तर त्याइचं सांगाचं राहून जाइन.

चंपतराव: असं म्हनली?

भागाबाई: देवाशपथ. म्हने, बोलतीन ते. जड मानूस हाय, येळ लागते. डोळे पुसा. गिऱ्हाईक येऊन राह्यलं. अन् मन हलकं करा आता, भाऊ. बोलाचं ते बोलून झालं, साऱ्या बाजारानं ऐकलं.

चंपतराव: बाजारानं ऐकलं, भागाबाई. तिले बाजूले उभी करून सांगाचं होतं. ते राह्यलं.