शेपटाकडं घेतलेला गळ

चहा निवला तरी चालंल, पण हे ऐका. परवा पंचगंगेवर गेलतो, रबरी मासा गळाला लावून. चारदा ओढ बसली आणि चारदा नुसतं शेपूट कुरतडलेलं! शिरोलीत फौंड्रीत असलेला माझा दोस्त दत्ता संगं होता, तो वैतागला. "आरं, मासा शेपटालाच तोंड लावतोय आणि तू गळ डोक्यात खुपसलायस. रबर आखूड कर, गळ मागं घे की!"

तसं केलं, तर पुढच्याच ओढीला मरळ लागली.

घरी येऊन पुण्यातल्या पोराला फोन लावला. रोज मी आधी अर्धा तास उपदेश करतो आणि शेवटी विचारतो, "जेवलास काय?" तो "व्हय" म्हणून फोन ठेवतो. त्या दिवशी उपदेश गाळला आणि सुरुवातीलाच विचारलं.

पोरगं म्हणालं, "न्हाय पप्पा. दोन दिवस झालं, घास उतरंना झालाय."