वाकडा द्या

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर बारावा होता. माझ्या साबणाचा वाकडा साचा ठोकून सरळ करून घ्यायला थोरला मुलगा सकाळीच निघाला होता. वाकडी वडी कोण घेतं, म्हणे. समोरच्या बाकावर एक गॅरेजवाला आणि त्याची वहिनी येऊन बसले.

"भावजी, नखांत आज काळं नाही? मुलगी बघायला निघालात की काय?"

"वाकडा लावला, वहिनी."

"कोण वाकडा?"

"साबण हो. ग्रीस निघतं. एका अंगाला जाड असतो, म्हणून ओल्या हातातून निसटत नाही. आमच्या गॅरेजमध्ये सगळे तोच वापरतात."

"नाव काय त्याचं?"

"कागदावर आहे कुणा बाईचं. दुकानात नुसतं 'वाकडा द्या' म्हणायचं."

"मलाही एक आणा."

"तुमच्यासाठी नाही तो. काळ्या हातांचा आहे."

"तुमच्या भावाच्या कॉलरी धुऊन बघा, मग बोला! दोन आणा. आणि दुकानदारानं सरळ दिला तर?"

"तर नकली समजायचा. तोंडावर फेकून यायचं."

मी पिशवीतून फोन काढला.

"कुठे आहेस रे?"

"साचेवाल्याच्या दारात, आई. हातोडा घेऊन उभाच आहे तो."

"हातोडा खाली ठेवायला सांग. तस्साच वाकडा आणखी एक साचा करून घे."

"अगं, काल तर हो म्हणालीस! आता काय झालं?"

"डोळे दाखवायला आलेय. कान धड आहेत माझे."