आधी जमिनीवरून उठा

नाही काका, उतरा तिथून. मशीन कुठे पळून जात नाही. पहिल्या दिवशी मी कुणालाच मशीनला हात लावू देत नाही — हो, जिमचे मालक कुरकुरतात, लोक मशीन बघून पैसे भरतात आणि हा त्यांना मॅटवर झोपवतो म्हणून — कुरकुरू देत. तुम्ही पाठ टेकून झोपायचं आणि उठायचं. बस. हसू येतंय ना? सगळ्यांनाच येतं. मुलगा सोडायला आलाय ना तुमचा, तो बाहेर बाकावर? बसू दे.

आता हे मशीन वाईट आहे का? अजिबात नाही. बसायचं, पाय अडकवायचे, सरळ करायचे — मांडीचा पुढचा स्नायू तेवढा राबतो, बाकीचं अंग पाहुण्यासारखं बसून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मांडी वाळली, की सुरुवातीला हेच लागतं. पण तो एकटा किती पुरणार? खुर्चीतून उठायचं तर घोटा, गुडघा, खुबा, कंबर — सगळे एकदम लागतात, भार वाटून घेतात. ते उठाबशांनीच येतं, कुणीतरी धरून, हळूहळू. डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं होतं — सहा आठवडे मशीन, मग उठाबशा. कुणाला म्हणजे? आमच्या बाबांना.

मीच घ्यायचो त्यांचा व्यायाम. सहा आठवड्यांचे आठ महिने झाले. पाच किलोवरून पंचेचाळीसवर नेलं त्यांना, त्या वयात — तरणी पोरं बघत राहायची. मी कार्डावर आकडा लिहायचो, ते चष्मा लावून वाचायचे. उठाबशा नको म्हणायचे, गुडघा वाजतो. आता नुसता वाजतो, दुखत नाही ना, मग वाजू दे — हे मी इथे दिवसातून दहा वेळा सांगतो. त्यांना नाही सांगितलं. का नाही? उठाबशा शिकवायच्या तर समोर उभं राहून दोन्ही हात धरावे लागतात काका. काखेत हात घालावे लागतात. आमचं तसं नव्हतं. भांडण वगैरे नाही — मी शिक्षण सोडून यात आलो, ते काही बोलले नाहीत, ते बोलले नाहीत म्हणून मीही बोललो नाही — अशी अकरा वर्षं गेली. मशीनवर बरं असतं, वजनाची पिन बदलली की झालं. मला लाज वाटायची, दुसरं काही नाही.

मग एक दिवस बाथरूममध्ये साबण उचलायला वाकले आणि खाली बसले. पडलेसुद्धा नाहीत. हाड मोडलं नाही, खरचटलं नाही, फक्त उठता येईना. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, ओल्या फरशीवर, फोन बाहेर टेबलावर. मी इथेच होतो, कुणालातरी पाठ ताठ ठेवा म्हणत. घरी गेलो तर मला म्हणाले, पंचेचाळीस झालं होतं ना रे? टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होते.

आहेत ना, आहेत. घरी. थंडी भरली, छाती धरली, दोन महिने पडून काढले, मांडी पुन्हा पहिल्यासारखी काडी झाली. आता मी घरी असलो की मीच उचलतो — काखेत हात घालून, छातीला छाती लावून. एरवी बहीण असते. रडू? नाही येत. काहीच येत नाही. मागच्या आठवड्यापेक्षा हलके लागले, एवढं कळतं.

चला, झोपा. आता कुशीवर वळा — कोपर टेका — एक गुडघा पुढे. वाजू दे. घाई नाही. जमेल तुम्हाला, दिसतंय मला. पण थांबा जरा. तसेच थांबा. मुलाला हाक मारा. गरज नाही, माहीत आहे, तरी मारा. हात त्याने धरायचे.

मी ते मशीन पुसून घेतो तोवर.