उष्टी हळद

मारतहळ्ळीच्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलेल्या जमनाबाईंच्या ओठांवर देवाचं नाव होतं, कान मात्र फोटोवाल्याशी बोलणाऱ्या शेजारच्या मायलेकींकडे.

"अण्णा, आमच्या भव्याचा हा फोटो आजच मुलाकडच्यांना पाठवायचाय. कावीळ झाल्यागत दिसतेय पोर. स्वल्प पिवळेपणा काढा."

"पिवळ्या बल्बाखाली काढलाय ना, अक्का! पुढच्या वेळी दिवा बंद करून खिडकीशी उभं करा. हं, आता बघा."

"अय्यो, गालावरची हळदसुद्धा गेली की! मावसबहिणीची उष्टी हळद होती ती. हिचंही लवकर जमावं म्हणून मुद्दाम लावलेली!"

"सरी, ठीक आहे अक्का, गालापुरती परत आणतो."

"आणू नका, अण्णा! घाई आईला आहे, मला नाही. पुसलीच आहे, तर अजून दोन वर्षं पुसलेलीच राहू द्या."