नोटेवरची सही

१९२६ साली नेब्रास्कातल्या त्या गावची बँक बुडाली. तिने स्वतःच्या नावाने काढलेल्या नोटा मात्र सरकारच्या हमीवर चालत राहिल्या. प्रत्येक नोटेवर कॅशियर कुचेरांची शाईची सही होती. ते वारून महिना झाला, तेव्हा त्यांची मुलगी लुडमिला पोस्टाच्या रांगेत उभी होती. पुढचे दोघे शेतकरी तिला ओळखत नव्हते.

"कुचेरा मेला आणि सुटला बघ."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये रे."

"का नाही? बँक बुडणार हे ठाऊक होतं त्याला. म्हणून तर आजाराचं सोंग घेऊन घरी बसला. नोटासुद्धा सहीला घरीच मागवायचा."

"सोंग कसलं? हात इतका थरथरायचा की कप धरवत नव्हता. माझी बायको अंडी द्यायला जायची ना त्यांच्याकडे."

"मग ही नोट बघ. याच उन्हाळ्यात बँकेतून कोरी करकरीत घेतली. सहीची एक रेघ तरी हललीय का?"

"खरंच की. छापल्यासारखी आहे."

"मग! नाटकं सगळी."

लुडमिलाने खिडकीजवळची दौत ओढली, आपल्या पाकिटामागे वडिलांची सही केली आणि पाकीट त्यांच्यापुढे धरलं. दोघांनी नोट शेजारी लावून पाहिली.

"पोरी," दुसरा हळूच म्हणाला, "हे कुणाला दाखवू नकोस. तुरुंगात जाशील."

"जाईन. पण त्यांचा हात खरंच थरथरत होता, काका."