भरलेली बाटली

मंडळी, एक सांगा. आपली चूक आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, तर ती कबूल करायची की गिळायची? ऐका तर!

आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर प्रतिपिंडं रोवलेली असतात. कशासाठी? शत्रू ओळखायला! आणि रोवलेली कशी? प्रतिपिंडाला खाली असते शेपटी. पेशीचं कातडं तेलकट, अन् शेपटीला पाण्याचं वावडं! ती शिरते कातड्यात, पार आतपर्यंत. रक्त कितीही धावो, हलत नाही! पण तसलीच प्रतिपिंडं शेपटीविना रक्तात मोकळीही हिंडतात.

आता रोवलेली तपासायची कशी? चमकणारं औषध घालायचं. ते चिकटलं की पेशी चमकते. पण आधी पेशी तीनदा धुवायच्या! नाहीतर मोकळी हिंडणारीच सगळं औषध खाऊन टाकतात, अन् पेशी राहते काळी.

विमल टकले. प्रयोगशाळेत वीस वर्षं. "माझ्या हातून चूक? छे!" असा तोरा! त्या दिवशी मैत्रिणीकडे हळदीकुंकू — हसू नका, तुम्हीही गेला असता! घाईत तपासणी उरकली. पेशी काळ्या. अहवाल गेला, "रोवलेली प्रतिपिंडं नाहीत."

वरच्या वॉर्डात यशोदा भिंगारे. मानेत गाठ, सहा महिन्यांचं बाळ अंगावर पिणारं. डॉक्टर कर्णिक या एका अहवालासाठी थांबले होते. म्हणाले, "रोवलेली प्रतिपिंडं नाहीत म्हणजे पेशी बिघडलेल्या. कॅन्सरच. उद्या सकाळी औषध चढवू. बाळाचं दूध आत्तापासून बंद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाईंनी कपाट उघडलं. धुण्याच्या द्रावणाची बाटली — काठोकाठ भरलेली!

अगं बाई! म्हणजे धुतलंच नाही!

खोलीत कुणी नाही. समोर बेसिन. अर्धी बाटली ओतली की कोण विचारणार? मंडळी, बाईंनी झाकण काढलं हो! बाटली कलती केली! तेवढ्यात वरून बाळाचं रडणं आलं. भुकेलं, हट्टाचं रडणं.

बाटली तशीच टाकली अन् धावल्या जिन्यावरून! नर्सच्या हातात सुई.

"थांबा! अहवाल चुकलाय!"

"कुणी चुकवला?" कर्णिक कडाडले.

"मीच! पेशी धुतल्या नाहीत. पुन्हा करते."

"विमलताई, नोकरी जाईल!" नर्स म्हणाली.

"जाऊ द्या. सुई खाली ठेवा आधी!"

तीनदा धुतलं. यंत्रात पाहिलं तर पेशी लखलख चमकतायत! रोवलेली सगळी जागच्या जागी! मग बाकीच्या तपासण्याही झाल्या. गाठ साध्या जंतूंची निघाली. यशोदेनं कुणाला आशीर्वाद दिला नाही, शिवीही दिली नाही. बाळ ओढून पदराखाली घेतलं, अन् तेव्हा कुठे रडली.

विमलबाईंची नोकरी? सहा महिने पगार कापला. भोगलं त्यांनी.

टाळ्या थांबवा! पेटीवाले, तुम्हीसुद्धा! इथं बसलेल्या प्रत्येकाला एका माणसाकडे जाऊन "चुकलं माझं" म्हणायचंय. नाव आलं ना ओठावर? ते माणूस अजून जिवंत आहे. उठा!